नळीतला पांढरा गाळ

१

सोमवारच्या नळीत फ्लू नव्हता, आणि त्याच आठवड्याच्या रविवारी दोन्या मार्सेलिना, म्हणजे मार्सेलिनाबाई, फ्लूनं गेल्या.

दोन्ही कागद ओफेलिया चोकेवांकाच्या टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. डावीकडचा वस्तीतल्या फ्लू-तपासणी प्रकल्पाच्या प्रयोगशाळेतून आलेला: मार्सेलिना युपांकी, वय एकाहत्तर, सोमवार सोळा जून, नाकातला नमुना स्वतः घरी घेतलेला, फ्लू नाही. उजवीकडचा शहरातल्या इस्पितळाचा: शनिवार एकवीस जून, ताप रविवारपासून, दोन्ही फुप्फुसं भरलेली, फ्लू आहे. त्याखाली मृत्यूची वेळ.

ओफेलिया चोपन्न वर्षांची. त्यांतली तीस वर्षं तिनं परिचारिकेचं काम केलं होतं. कागद खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात, असं ती नव्या मुलींना शिकवायची. आज तिच्यासमोर दोन खरे कागद होते आणि त्यांचं एकमेकांशी जमत नव्हतं.

लिमाहून प्रकल्प सांभाळणाऱ्या डॉक्टर आरिसुएन्योंचा फोन सकाळीच येऊन गेला होता. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. म्हातारीला नाकात काडी नीट फिरवता आली नसेल, तसं लिहा आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवा, असं ते म्हणाले. वरचे लोक विचारताहेत, हेही त्यांनी सांगितलं. लोकांच्या हाती काड्या देऊन नमुने मागवायचे का, की सगळ्यांना खाली दवाखान्यात बोलवायचं, याचा निर्णय या एका प्रकरणावर होणार होता.

खाली बोलावणं म्हणजे काय ते ओफेलियाला ठाऊक होतं. पेरूतल्या आरेकिपा शहराच्या उत्तरेच्या टेकडीवर, दगडखाणीच्या कडेला ही वस्ती. पायऱ्या दोनशेच्या वर. थंडीत खोकणारी म्हातारी माणसं त्या उतरत नाहीत आणि उतरली तर परत चढवत नाही. म्हणून तर तीन वर्षांपूर्वी ती स्वतः घरोघर फिरली होती. दर सोमवारी सकाळी एक काडी दोन्ही नाकपुड्यांत फिरवायची, आपल्या नावाच्या नळीत मोडून टाकायची, झाकण घट्ट लावायचं. एकशे वीस घरांनी तिच्या शब्दावर हे अंगवळणी पाडून घेतलं होतं. दोन वेळा तर ताप चढायच्या आत फ्लू सापडला आणि गोळ्या वेळेवर पोचल्या.

दुपारी प्रयोगशाळेतून लिसबेत वर आली. तिनं नळीतला उरलेला नमुना पुन्हा तपासला होता.

"काडी नीट फिरवली नाही, असं लिहू नका," ती म्हणाली. "फिरवली आहे. माणसाच्या पेशी भरपूर आहेत. साध्या सर्दीचा विषाणूही सापडलाय. फ्लू मात्र नावालाही नाही."

"ताप रविवारपासून होता, लिसबेत. सोमवारी नाक फ्लूनं भरलेलं असायला हवं."

"तेच तर म्हणतेय." लिसबेतनं दाराकडे एकदा पाहिलं. "नळी दोन्या मार्सेलिनांची आहे. नाक त्यांचं नाही."

२

नळी घरातून प्रयोगशाळेत नेणारा माणूस एकच, रोनाल्द. अठ्ठावीस वर्षांचा, तीनचाकी रिक्षा चालवणारा, दर सोमवारी थंडपेटी घेऊन वस्तीत फिरणारा. ओफेलियानं त्याला बसायला सांगितलं तेव्हा तो बसला नाही.

तिनं विचारायच्या आधीच त्यानं कबूल केलं. सोळा तारखेला रिक्षाचं चाक पंक्चर झालं होतं, पेटी दुपारपर्यंत वाण्याच्या दुकानात पडून होती. त्यानं वेळ मात्र नेहमीचीच लिहिली.

"बाईंच्या मरणाला मीच कारण झालो असेन तर सांगा," तो म्हणाला. "चार दिवस जेवण जात नाहीये."

ओफेलियानं त्याला तसंच उभं ठेवून विचार केला. पेटी तापली असती तर नळीत काहीच धड राहिलं नसतं. सर्दीचा विषाणू इतका ठसठशीत सापडला नसता. म्हणजे दुकानातल्या दिरंगाईनं नमुना बिघडला नव्हता. मग दुसरी शंका. एखाद्या घरचा नमुना राहिला आणि यानं आपल्याच नाकात काडी फिरवून नळी भरली, असं तर नाही?

तिनं तसं सरळ विचारलं. रोनाल्दला राग आला नाही. "काडी कुठून आणू?" त्यानं विचारलं. "एका पिशवीत एक नळी, एक काडी. पिशवी चिकटवलेली. ती घरातच फोडतात. माझ्या हाती येते ती झाकण लावून, वर चिकटपट्टी मारलेली नळी. दोन्या मार्सेलिनांची पट्टी तर अशी असायची की लिसबेतबाई कात्रीनं कापायच्या."

खरं होतं ते. मार्सेलिनांच्या घराच्या पिशव्या वस्तीत सगळ्यांत नीटनेटक्या यायच्या. घरात तिघं: त्या स्वतः, मुलगा विल्बर, सून नेलिदा. तीन पिशव्या, तीन काड्या, तीन नळ्या. एकही जास्त नाही.

"म्हणजे जे झालं ते घरातच झालं," ओफेलिया म्हणाली.

रोनाल्द खाली बघत म्हणाला, "वस्तीतही तेच बोलताहेत, सेन्योरिता. म्हणतात, सुनेनं केलं."

३

पाचव्या दिवशी मृताचे कपडे धुवायला घरची माणसं नदीवर जातात. ओफेलियाही गेली. जायला हवंच होतं; मार्सेलिनांनी तिला अनेकदा कोकाच्या पानांचा चहा पाजला होता.

पाणी बर्फासारखं होतं. नेलिदा गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी राहून सासूचे लोकरीचे घागरे पिळत होती. ती पस्तिशीची, रुंद हाताची, बाजारात केसो एलादो विकणारी. दुधाचं, दालचिनी घातलेलं ते आइस्क्रीम ती रोज पहाटे तांब्याच्या भांड्यात बर्फावर फिरवून करायची. विल्बर काठावर उभा होता. खाणीत दगड घडवणारा धिप्पाड माणूस, पण वाळत घातलेली आईची शाल तो पुन्हा पुन्हा सारखी करत होता.

मार्सेलिनांची एक दूरची पुतणी मध्येच बोलली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. घरात कुणाला फ्लू निघाला की सगळ्यांनी सात दिवस घरात बसायचं, हा प्रकल्पाचा नियम. सात दिवस बाजार बंद. म्हणून कुणीतरी म्हातारीच्या नळीत स्वतःची काडी घातली असेल, नाही का?

नेलिदानं घागरा दगडावर ठेवला. "मी असं केलं नाही," एवढंच ती म्हणाली.

"आई खोकत होती," विल्बर म्हणाला. तो बायकोकडे बघत नव्हता. "मी पहाटे जातो, अंधारात येतो. मला कळलं नाही. तुला कळलं होतं ना?"

"कळलं होतं. तुला सांगू नकोस म्हणाल्या."

"आणि तू ऐकलंस."

नेलिदानं दगडावरचा घागरा पुन्हा उचलला. विल्बरनं शांतपणे सांगितलं की आज तिनं बहिणीकडे जावं, घरी येऊ नये. ओरडला असता तर कुणी मध्ये पडलं असतं. नेलिदानं उरलेले कपडे धुतले, सगळे पिळले, वाळत घातले, आणि ओले पाय तसेच चपलेत सारून वर रस्त्याकडे निघाली. ओफेलिया तिला हाक मारत मागे चार पावलं गेली. नेलिदा थांबली, वळून तिच्याकडे क्षणभर बघत राहिली, काहीतरी बोलेल असं वाटलं. बोलली नाही.

त्या नजरेचा अर्थ ओफेलियाला तेव्हा लागला नाही.

४

प्रयोगशाळेत लिसबेतनं मार्सेलिनांच्या घरचे गेल्या दहा सोमवारचे निकाल काढून ठेवले होते. ओफेलियाला निकाल नको होते. शेवटच्या रकान्यात लिसबेत बारीक अक्षरात काहीबाही टिपून ठेवायची, ते तिला हवं होतं. नळी अर्धी भरली, काडी वाकडी मोडली, असलं काही.

विल्बरच्या नावापुढे दर आठवड्याला एकच शेरा होता: पांढरा गाळ.

"हे काय?"

"दगडाची भुकटी," लिसबेत म्हणाली. "नळी यंत्रात गरगर फिरवली की तळाशी बसते. खाणीत काम करणाऱ्या सगळ्यांच्या नळीत असते. कितीही नाक शिंकरलं तरी जात नाही."

आरेकिपा त्या पांढऱ्या दगडावरच उभं आहे. ज्वालामुखीच्या राखेचा दगड, सिल्यार. छिन्नी लागली की पिठासारखा उडतो.

ओफेलियाचं बोट नेलिदाच्या ओळीवर गेलं. शेरा नाही, एकाही आठवड्यात नाही. बाजारातल्या बाईच्या नाकात दगड कुठून येणार? मग ते मार्सेलिनांच्या ओळीवर आलं. एप्रिल, मे, काही नाही. दोन जून: पांढरा गाळ. नऊ जून: पांढरा गाळ. सोळा जून: पांढरा गाळ, आणि सर्दीचा विषाणू.

"सोळा तारखेला सर्दी आणखी कुणाला निघाली?"

लिसबेतनं पान उलटलं. "त्या घरात एकालाच. विल्बरला."

नेलिदा सुटली होती, एवढं तर उघड होतं. मार्सेलिनांच्या नळीतलं नाक दगड घडवणाऱ्याचं होतं. सोळा तारखेला सर्दी झालेल्या, त्याच घरातल्या, दगड घडवणाऱ्याचं. आणि तो माणूस बायकोला नदीवरून परस्पर घालवून मोकळा झाला होता.

"इतका नीच असेल तो?" लिसबेतनं विचारलं.

ओफेलियाला नदीवर आईची शाल पुन्हा पुन्हा सारखी करणारे ते हात आठवले. तिला पटत नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट डोक्यात टोचत होती. ही लबाडी दोन जूनला सुरू झाली. मार्सेलिनांना ताप आला पंधराला. आजारी नसलेल्या माणसाचा नमुना दोन आठवडे आधीपासून कोण कशाला बदलेल?

५

दोन जूनच्या आधी त्या गल्लीत काय झालं, हे शोधायला ओफेलियानं फोनची वही उघडली. वस्तीतून येणारा प्रत्येक फोन त्यात लिहिलेला असे: तारीख, घराचा क्रमांक, काय विचारलं, काय सांगितलं, शेवटी फोन घेणाऱ्याची सही.

मेच्या एकोणतीस तारखेला हवं ते सापडलं. मार्सेलिनांच्या समोरच्या घरातल्या दोन्या इसाउरांना फ्लू निघाला, श्वास लागला, रुग्णवाहिका पाठवली. गुरुवार. त्यानंतरचा पहिला सोमवार दोन जून.

वही मिटण्याआधी तिनं सहज पुढची पानं चाळली, आणि एकोणीस जूनवर तिचा हात थांबला. मार्सेलिनांच्या घराचा क्रमांक. फोन करणारी सून. विचारलं: सासूबाईंना ताप आहे, खूप खोकतात, सोमवारच्या नमुन्यात काय निघालं? सांगितलं: फ्लू नाही, साधी सर्दी, काळजीचं कारण नाही, कोमट पाणी द्या.

खाली सही तिची स्वतःची होती.

तिला तो फोन आठवेना. त्या आठवड्यात दिवसाला चाळीस फोन येत होते. ती डोळे मिटून बसली, आवाज आठवायचा प्रयत्न केला, शब्द आठवायचा प्रयत्न केला. काहीच आलं नाही. नदीवर नेलिदा का वळून बघत होती ते मात्र आता कळलं.

नळी बदलणारी बाई निकाल विचारायला फोन करत नाही. नेलिदानं जे करायला हवं ते केलं होतं. तिला उत्तर द्यायला बसलेल्या बाईनं कागद वाचून दाखवला होता, आणि तापाचं ऐकूनही वर जाऊन एकदा बघून यावं असं तिला वाटलं नव्हतं.

ओफेलियानं कोट घातला आणि ती पायऱ्या चढायला लागली.

दोन्या इसाउरा बरी होऊन चोवीस तारखेला घरी आली होती, मैत्रिणीला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी. उन्हात खुर्ची टाकून ती समोरच्या बंद दाराकडे बघत बसली होती. आवाज अजून खोल गेलेला होता.

"मला नेलं त्या दिवशी तिनं गाडीचं दार धरून ठेवलं होतं," ती सांगू लागली. "चालक म्हणाला, आजीबाई, सोडा. सोडेना. माझ्या कानाशी वाकून म्हणाली, इसाउरा, मला नाही नेऊ देणार मी. घरातच मरेन. इलारिओला नेलं तसं नाही."

इलारिओ म्हणजे मार्सेलिनांचे यजमान. महामारीच्या साली त्यांच्या नाकात काडी घातली, निकाल आला, आणि संध्याकाळी गाडी आली. नऊ दिवसांनी एक बंद पिशवी दाखवली, तीही लांबून. पिशवीत कोण आहे ते मार्सेलिनांनी कधी पाहिलं नाही. कपडे इस्पितळानं जाळले, त्यामुळे पाचव्या दिवशी नदीवर धुवायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

"तिला काडीची भीती नव्हती," इसाउरा म्हणाली. "काडीच्या मागून गाडी येते, त्याची होती. एकदा मला विचारलंही होतं तिनं, हे लोक काडीवरून ओळखतात का ग, कुणाची आहे ते? मी म्हटलं, नावावरून ओळखत असतील."

६

खाणीत दुपारच्या उन्हानं डोळे दिपत होते. दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती, मध्ये छिन्न्यांचा ठोका. विल्बर एका चौकोनी दगडावर वाकला होता. भुवया, पापण्या, नाकाखालचा भाग, सगळं पांढरं.

ओफेलियानं फिरवून फिरवून विचारलं नाही. आईच्या नळीत तुमच्या नाकातला नमुना होता, असं तिनं सांगितलं. तीन सोमवार.

त्यानं छिन्नी खाली ठेवली. "कोण म्हणतं?"

"नळी म्हणते. हा दगड म्हणतो. तुमची सर्दी म्हणते."

"मी माझी नळी भरली, आईनं तिची. दुसऱ्या कुणाच्या नळीला मी हात लावला असेल तर हे हात इथंच गळून पडोत." त्याच्या आवाजात चीड होती, पण घाबरलेपण नव्हतं. खोटं बोलणारी माणसं तीस वर्षांत तिनं पुष्कळ पाहिली होती. हा तसा वाटत नव्हता. आणि तरी नळीही खोटी नव्हती.

तेव्हा तिनं पिशवीतून एक नवं पाकीट काढलं. "सोमवारी सकाळी घरी कसं करता ते मला करून दाखवा. अगदी तसंच. बसत असाल तर बसा."

त्याला ते विचित्र वाटलं, पण तो दगडावर बसला. साडेपाचला स्वयंपाकघरातल्या बाकावर बसायचो, त्यानं सांगितलं. नेलिदा तोवर भांडं घेऊन बाजारात गेलेली असायची, तिची नळी आधीच भरून ठेवून. आई सगळं तयार ठेवायची. ती हातात काडी द्यायची, मी फिरवायचो, तिच्या हाती परत द्यायचो, मग नळीत तीच घालायची. माझ्या जाड बोटांनी झाकण वाकडं बसतं, म्हणायची.

ओफेलियानं आईसारखी काडी पुढे केली. विल्बरनं ती उजव्या नाकपुडीत घातली, पाच वेळा गोल फिरवली, काढली आणि परत दिली. तिनं घेतली आणि ती वाट पाहू लागली.

विल्बरनं रिकामा हात तसाच पुढे धरला होता.

"दुसरी द्या," तो म्हणाला.

"दुसरी कसली?"

"डाव्या नाकपुडीची. एका नाकपुडीला एक काडी, असा नवा नियम आलाय ना? जूनपासून. आई म्हणाली, सेन्योरिता ओफेलियानं सांगितलंय."

ठोके चालूच होते. ओफेलियाला ते लांबून येताहेत असं वाटलं. तिनं काही बोलायच्या आधी त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या रिकाम्या हाताकडे. समजायला त्याला फार वेळ लागला नाही.

"असा नियम नाही," तिनं शक्य तितक्या हळू सांगितलं. "काडी एकच असते. दुसरी त्यांची होती."

तो बसूनच राहिला. शेजारचा म्हातारा कारागीर पाण्याची बाटली घेऊन आला, चेहरा बघून बाटली ठेवून परत गेला.

"म्हणजे तिला ताप होता आणि माझं नाक सांगत होतं की नाही म्हणून," विल्बर म्हणाला.

"तुम्हाला माहीत नव्हतं. त्यांनी जाणूनबुजून तसं ठेवलं. त्यांना गाडीत जायचं नव्हतं. इसाउरांना नेलं त्या दिवशी त्यांनी ठरवलं."

"गेलीच शेवटी. मीच उचलून टॅक्सीत घातली. शुद्ध नव्हती, नाहीतर दार धरलं असतं तिनं." त्यानं पापण्यांवरून हात फिरवला; पांढऱ्यात दोन ओल्या रेघा उमटल्या. "नेलिदाला काय काय बोललो मी."

आता गप्प राहिलं तर चालणार होतं. वही कपाटात होती, ती कुणी मागितली नव्हती. पण मग या माणसासमोर नेलिदाचं अर्धंच निरपराधपण पोचलं असतं.

"आणखी एक आहे," ओफेलिया म्हणाली. "एकोणीसला तुमच्या बायकोनं आम्हाला फोन केला होता. आई खोकताहेत, निकाल काय म्हणून. फोन मी घेतला. काळजीचं कारण नाही, असं मी सांगितलं. मी वर येऊन बघायला हवं होतं. आले नाही."

तो चिडेल अशी तिनं तयारी ठेवली होती.

"माझ्याबरोबर बाजारात याल का?" त्यानं विचारलं. "मला एकट्याला सांगता नाही यायचं."

७

अहवाल तिनं त्याआधी लिहिला, गुरुवारीच पाठवला. काडी चुकली नाही, प्रयोगशाळा चुकली नाही, असं त्यात होतं. बाईंना काडी वापरायला शिकवलं. निकालानंतर काय होतं आणि काय होत नाही, हे कुणी त्यांच्याशेजारी बसून सांगितलं नाही, असंही होतं. एकोणीस जूनच्या फोनची हकिकत स्वतःच्या नावासकट. डॉक्टर आरिसुएन्योंनी फोन करून तुमचं नाव वगळलं तर चालेल, असं सुचवलं. ती नाही म्हणाली. मग ते म्हणाले की घरचे नमुने चालू ठेवू, पण ताप असलेल्याचा निकाल काहीही येवो, त्याच दिवशी कुणीतरी वर जाऊन बघायचं, आणि हे काम तुम्हीच उभं करा. दुसरी अट ओफेलियानं घातली: माणूस नाही म्हणत असेल तर गाडी दारात उभी करायची नाही, आधी त्याचं ऐकायचं, आणि न्यायचंच झालं तर घरचं कुणीतरी बरोबर बसेल. ते कबूल झाले.

शनिवारी दुपारी ती आणि विल्बर बाजारात पोचले. नेलिदाच्या गाड्यासमोर पाच-सहा गिऱ्हाइकं होती. विल्बरनं धुतलेला सदरा घातला होता, पण कानामागे दगड राहिलाच होता. तो पुढे घुसला नाही. रांगेत उभा राहिला, आणि त्याच्यामागे ओफेलिया. नेलिदानं दोघांना पाहिलं आणि पुढच्या बाईचा पेला भरत राहिली.

त्याची पाळी आली तेव्हा तयार करून आणलेलं सगळं तो विसरला. "आईनं माझ्याकडून दोन काड्या घेतल्या," एवढंच तो म्हणाला. "एक तिच्या नळीत घालायची. मला माहीत नव्हतं. तुझा काही दोष नव्हता, आणि मी तुला सगळ्यांसमोर घालवलं."

नेलिदानं हातातला डाव भांड्यात ठेवला. तिला मोकळं झाल्यासारखं वाटेल, अशी ओफेलियाची अपेक्षा होती. तसं काही दिसलं नाही.

"थोडा होता," ती म्हणाली. "शनिवारी सकाळी सहाला मला कळलं होतं, आता न्यायला हवं. त्यांनी माझं मनगट धरलं, म्हणाल्या, आज नको, मला घरात राहू दे. नऊ वाजेपर्यंत मी त्यांचं ऐकलं. मग तुला बोलावणं धाडलं." तिनं विल्बरकडे सरळ पाहिलं. "ते तीन तास मी कुणाला सांगितले नव्हते."

ओफेलिया पुढे आली. "सेन्योरा नेलिदा, एकोणीसच्या त्या फोनवर..."

"तुम्ही होतात. माहीत आहे मला. नदीवर तुम्ही आवाज दिलात तेव्हाच ओळखला."

"मग तिथंच का नाही सांगितलंत? सगळ्यांचं तोंड बंद झालं असतं."

नेलिदानं खांदे उडवले. "त्या दिवशी त्यांना कुणीतरी एक हवं होतं. मी नसते तर तुम्हाला धरलं असतं. मग पुढच्या सोमवारी वस्तीत कुणी काडी हातात धरली असती का?" तिनं फडक्यानं हात पुसले. "इसाउराबाई तुमच्या काडीमुळे घरी आल्या. सासूबाईंनी ते बघायला तरी थांबायला हवं होतं. दोन दिवस कमी पडले."

मागच्या गिऱ्हाइकानं विचारलं, मिळणार आहे की नाही. नेलिदानं आज संपलं म्हणून सांगितलं, जरी भांडं निम्मं भरलेलं होतं. तिनं गाड्यावर कापड ओढलं, शाल घेतली आणि विल्बरला बर्फाच्या बादलीकडे बोट दाखवलं. ती दोघांनी मिळून उचलायची होती, एकट्याला जड जाते. विल्बरनं एक कडी धरली, तिनं दुसरी. ओफेलियानं न सांगता तांब्याचं भांडं छातीशी घेतलं. ते इतकं गार होतं की कोटातूनही लागत होतं.

तिघं बसच्या थांब्याकडे निघाली. बसमधून उतरल्यावर वस्तीच्या पायऱ्यांच्या तळाशी नेलिदानं बादली खाली टेकवून हात बदलला, विल्बरला तुझी कडी अजून वर धर म्हणाली, आणि ती दोघं वर चढायला लागली, मागून भांडं घेऊन ओफेलिया.